मेस बंद केली, आता तीस सुऱ्यांचं काय?

घरच्या हत्यारांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. मी लातूरला ११ वर्षं मेस चालवली. नीट-जेईईच्या ट्यूशनला आलेली लेकरं असायची, दोन्ही वेळचे मिळून शंभरेक ताट. आता गुडघे ऐकंनात, म्हणून दिवाळीनंतर बंद केली. पातेली, पराती, कढया गेल्या. तीसेक सुऱ्या, दोन मोठे चाकू आणि सासूबाईंची लोखंडी विळी तेवढी राहिली. भांडेवाला म्हणतो, "धार लावून आणा, दुप्पट भाव देतो." गल्लीत धारवाला येतो, तो सुरीला २० रुपये सांगतो. शेजारीण म्हणते, वापरलेली सुरी कोण घेतंय, घाल भंगारात. विकायच्या आधी धार लावून घ्यावी का? घरी लावता येते का? आणि सुऱ्या विकल्या म्हणून पोलिसांचं काही झंझट नाही ना?
— एक ताई, लातूर

उत्तर : ताई, पत्र वाचून आधी हिशोब केला. तीस सुऱ्या, वीस रुपये, म्हणजे ६०० रुपये धारवाल्याला. साधी नवी सुरी बाजारात शंभराच्या आत मिळते, तर तुमच्या वापरलेल्या सुरीला कुणी पन्नास-साठाच्या वर देणार नाही. भांडेवाला 'दुप्पट' म्हणतोय ते कशाच्या दुप्पट, हे त्याला आधी विचारा. किलोच्या भावाच्या दुप्पट म्हणत असेल तर धारेचेसुद्धा पैसे सुटायचे नाहीत. त्यामुळं तीसच्या तीस धारेला देऊ नका. दहा-बारा निघतील तेवढ्यांनाच धार लावा, तीही घरी, दगडावर. विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या धारेच्या चाकाला तर एकही दाखवू नका.

चाकाचा माझा राग जुना आहे, तो सांगतो. वाळूजच्या एका कारखान्यात मी टूलरूमला, म्हणजे हत्यारं बनवायच्या विभागात, होतो. नवीन लागलो तेव्हाची गोष्ट. कँटीनचा आचारी चौदा सुऱ्या फडक्यात बांधून घेऊन आला. मी बेंच ग्राइंडर चालू केला आणि एकेक सुरी धरत गेलो. ठिणग्या बघून आचारी खूश आणि मी त्याच्याहून खूश. टोकाकडं पातं पातळ असतं, तिथं कडेला निळसर झाक आली. मला वाटलं, शोभाच आली. तिसऱ्या दिवशी आचारी परत आला आणि चौदाही सुऱ्या माझ्या टेबलावर ओतल्या. "टमाटा दबतोय, कापत नाही." आमच्या उस्तादांनी एक सुरी उचलली, ती निळी कड बघितली आणि एवढंच म्हणाले, "पाणी उतरवलंस की रे हिचं."

लोहार विळ्याला पाणी देतो ते तुम्ही बघितलं असेल. लाल तापवायचं, पाण्यात नाहीतर तेलात बुडवायचं, म्हणजे पोलाद कडक होतं. मग पुन्हा थोडं ऊन करून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. या दुसऱ्या तापवण्यात सगळी कारागिरी. साधं पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास वाळल्या गवतासारखं पिवळं होतं आणि तीनशेच्या आसपास निळं. निळं झालं की ते सुरीच्या कामाचं उरत नाही, मऊ पडतं. चाकावर पात्याची मधली जागा हाताला नुसती कोमट लागते, पण कडेला कागदापेक्षा पातळ लोखंड असतं, ते क्षणात तापून जातं. बोटाला कळतसुद्धा नाही. स्टेनलेसचे अंश थोडे इकडंतिकडं असतील, पण रंग बदलला की तिथली कड गेली, हे त्यालाही लागू. अशी सुरी त्या दिवशी केस कापील आणि चौथ्या दिवशी कांद्यावरून घसरेल. तुमच्याकडून घेणाऱ्या बाईच्या घरात ती चौथ्या दिवशी घसरली, तर नाव तुमचं निघणार, धारवाल्याचं नाही.

तुमच्या गल्लीतल्या माणसाच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. सायकलच्या पायडलवर फिरणारं चाक मोटारीइतकं तापत नाही आणि हात बसलेला असला तर तो चांगली धार लावतो. पण त्याला एका सुरीला दोन मिनिटं परवडतात. दोन मिनिटांत धार आणायची म्हणजे पातं खावंच लागतं. तुमच्या सुऱ्या ११ वर्षं झिजल्यात, आता त्यांच्यात खायला फार उरलेलं नसेल.

म्हणून आधी निवडानिवड करा. दुपारी उजेडात सगळ्या सुऱ्या ओट्यावर मांडा.

पहिल्यांदा मुठी बघा. धार नंतर. मूठ हातात धरून पातं हळूच डावीउजवीकडं हलवा. खिळा ढिला असेल, लाकूड कुजून काळं पडलं असेल, प्लास्टिकच्या मुठीत पाणी शिरून आतून गंजाचा ओघळ येत असेल, तर ती सुरी सरळ भंगारात. बोथट सुरीपेक्षा हलणाऱ्या मुठीची सुरी वाईट, भोपळा कापताना ती कुठं वळेल सांगता येत नाही.

मग पात्याची धार ओट्यावर टेकवून समोरून बघा. मधे फट दिसली, म्हणजे टोक आणि मुठीकडची बाजू टेकते पण पोट टेकत नाही, तर त्या सुरीचं पोट घासून घासून गेलंय. अशीनं कोथिंबीर चिरली की प्रत्येक काडी अर्धवट राहते, माळेसारखी लोंबते. मेसच्या सुऱ्यांत अशा बऱ्याच निघतील. त्या विकू नका. फार तर एखादी लसूण सोलायला ठेवा.

तिसरी परीक्षा चुंबकाची, आणि इथं बहुतेकांचा उलटा समज असतो. "चुंबक चिकटत नाही म्हणजे अस्सल स्टील," असं भांड्यांच्या दुकानात ऐकून ऐकून आपण सुरीलाही तेच लावतो. ताटवाट्यांचं ते ३०४ नंबरचं स्टील. त्यात निकेल असतं, म्हणून चुंबक चिकटत नाही. गंजायला ते चिवट, पण तापवून-बुडवून कडक होत नाही, म्हणजे त्याला पाणी देता येत नाही. चांगल्या सुरीचं स्टेनलेस वेगळं, त्याला चुंबक चिकटतं. ज्या सुरीला चिकटणार नाही, ती पत्र्यातून कापलेली समजा. तिला कितीही धार लावा, टिकायची नाही.

चौथी परीक्षा गाजराची. जाड गाजर घ्या आणि मधोमध सुरी दाबा. सुरी शेवटपर्यंत सरकत गेली तर उत्तम. अर्ध्यात गेल्यावर 'कट्' असा आवाज होऊन गाजर उकललं, तर धारेच्या मागचं पातं जाड झालंय. सुरी नवी असते तेव्हा कडेकडं निमुळती असते. दर वेळी धार लावली की कड थोडी वर सरकते, म्हणजे पात्याच्या जाड भागाकडं. अशा सुरीची कड धारदार असूनही ती कापत नाही, पाचरीसारखी फोडते. हिचं दुखणं धार लावून जात नाही. आधी पात्याच्या बाजू घासून पातळ कराव्या लागतात, आणि ते काम अर्ध्या तासाचं आहे. पन्नास रुपयांच्या सुरीसाठी मी ते करणार नाही, तुम्हीही करू नका.

एवढ्यातून उरतील त्या विकायच्या. माझा अंदाज दहा-बाराचा.

आता दगड. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू खरबरीत आणि एक बारीक. जुन्या माणसांच्या तोंडी कुरुंदाचा दगड असायचा, त्याचाच हा कारखान्यातला भाऊ. आणल्यावर आधी पाण्यात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकत नाही. भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकला तर पातं छान फिरतं. जुना दगड घरात असेल आणि मधे खोलगट झाला असेल, तर त्यावर धार लावू नका. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर बारीक वाळू आणि पाणी टाकून तो पालथा घासा, तासाभरात सपाट होतो.

सगळी गोम कोनात आहे. पातं दगडावर आडवं ठेवा आणि त्याची पाठ उचला. पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ १ ते सव्वा सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे पंधरा ते अठरा अंश होतात. २ सेंटिमीटरच्या बारक्या सुरीला त्याच्या निम्मं. कोन किती यापेक्षा तो शेवटपर्यंत तोच राहतो का, याकडं लक्ष द्या. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी कडेवर काळ्या मार्करनं रेघ ओढायला लावतो. चार हात मारायचे आणि बघायचं. काळं नुसतं वरच्या अंगाला पुसलं असेल तर पाठ फार खाली गेली, अगदी कडेवरच पुसलं असेल तर फार वर.

खरबरीत बाजूवर एका अंगानं घासत राहा, दुसऱ्या अंगाला कड उलटेपर्यंत. अंगठा पात्यावरून कडेकडं, बाहेरच्या दिशेनं हलकेच ओढला की ही उलटलेली कड खरखरते. कडेच्या लांबीच्या दिशेनं बोट कधीही फिरवू नका. वर्कशॉपात या उलटलेल्या कडेला 'बर' म्हणतात. मुठीपासून टोकापर्यंत बर लागली की सुरी पलटा आणि तेच करा. मग बारीक बाजूवर दाब कमी करत जा : दहा हात, पाच, तीन, एक. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर दोन्हीकडून दहा-दहा वेळा ओढा, धार मागं ठेवून, न्हावी वस्तरा ओढायचा तसं. पट्टा नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला बिनचकाकीची गोल कड असते, तिच्यावर हलक्या हातानं दोन-चार वेळा. पण बर काढल्याशिवाय सुरी कुणाला देऊ नका. का, ते खालच्या परभणीच्या पत्रात येतं.

वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापला गेला, टमाट्याच्या सालीवर सुरी नुसत्या वजनानं रुतली, की थांबा. विकायच्या सुरीला दाढी करण्याइतकी धार नको. त्यामागं एक किस्सा आहे.

आमच्या घरात भाजीची सुरी एकच, आणि लग्नानंतर सात-आठ वर्षं ती बोथटच होती. लोहाराच्या घरात विळा मोडका, म्हणतात ना. एका रविवारी मला लाज वाटली. मंडळी देवळात गेली होती, तेवढ्यात मी सुरीला कंपनीतल्यासारखी धार लावली, पुसून जागेवर ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही. मनात होतं, बघू, ओळखते का. संध्याकाळी ती लाल भोपळा कापायला बसली. हाताला सवय बोथट सुरीची, म्हणजे अंगाचा सगळा भार घालून दाबायची. भोपळा लोण्यासारखा कापला गेला आणि सुरी थांबली ती डाव्या अंगठ्यात. तीन टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "यांनी धार लावली आणि सांगितलं नाही."

म्हणून ताई, विकताना दोन गोष्टी तोंडानं सांगायच्या : सुरी वापरलेली आहे, आणि तिला कालच धार लावलीय, दाब कमी द्या. ज्या सुरीला धार लावली नसेल तिच्याबद्दल तसं सांगा आणि दहा रुपये कमी घ्या. हॉटेलवाला किंवा दुसरा मेसवाला घेणार असेल तर धार लावायची गरजच नाही. त्यांचा आचारी आपल्या हाताच्या सवयीनं पुन्हा लावणारच, तो पातं किती उरलंय तेवढं बघतो. धार लावायची ती घरी नेणाऱ्या बायकांसाठी, ज्यांच्याकडं दगड नाही आणि ज्या त्याच संध्याकाळी कांदा चिरणार आहेत. त्यामुळं भांडेवाल्यापेक्षा तुमच्याच गल्लीत विका, चार पैसे जास्त मिळतील. आणि शेजारणीला पहिली सुरी दाखवा, ती घेईल असं मला वाटतं.

विकण्याआधी पातं साबणानं धुवून कोरडं करा. गंजाचे बारीक ठिपके असतील तर लिंबाची फोड आणि चुलीची चाळलेली राख लावून घासा आणि लगेच धुवा, लिंबू तसंच ठेवलं तर नवे डाग पडतात. बांधताना नुसतं वर्तमानपत्र नको. बॉक्सचा जाड पुठ्ठा पात्यावर दुमडून चिकटपट्टी लावा, टोकाला दुहेरी घडी घाला. आमच्याकडं सुरी हातात देत नाहीत, खाली ठेवतात, दिली तर भांडण होतं म्हणतात. भांडणाचं माहीत नाही, पण खाली ठेवलेली सुरी कुणाला लागत नाही एवढं नक्की.

पोलिसांचं विचारलंत. शस्त्र कायदा १९५९चा आहे. त्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरलेत, पण घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेत. भाजीच्या सुऱ्यांची काळजी करू नका. ते दोन मोठे चाकू मात्र ओळखीच्या हॉटेलवाल्यालाच द्या. घ्यायला पोरसवदा गडी आला आणि भाव न विचारता "टोक कसंय" विचारू लागला, तर विकले गेले म्हणून सांगा.

विळी विकू नका. सासूबाईंची आहे म्हणून म्हणत नाही. जुन्या विळ्या बऱ्याचदा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाच्या असतात, लोहारानं ठोकून पाणी दिलेल्या. आता तसं पातं करून घ्यायचं म्हटलं तर घिसाड्यांचं पाल कुठं पडलंय ते शोधत फिरावं लागेल. तिच्यावरचा काळपट रंग ही घाण नव्हे, घासून पांढरी करू नका. तो थर तांबड्या गंजाला अडवतो. विळीला धार लावताना विळी जागेवर ठेवायची, पायानं पाट दाबायचा आणि दगड हातात घेऊन कडेवर फिरवायचा. पुसून तेलाचं बोट लावून ठेवा. बसायला गुडघे नाही म्हणत असतील तर सुनेला द्या.

प्रश्न : आठवडी बाजारातून जुनी सुरी घेतली, ४० रुपयांना. पहिल्या दिवशी कागद कापत होती, चौथ्या दिवशी कांदासुद्धा कापंना. मला फसवलं का? मी रूम करून राहतो.
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : विकणाऱ्यानं जाणूनबुजून फसवलं असेलच असं नाही. सुरी उजेडात धरून कड बघ. निळसर किंवा तपकिरी पट्टा दिसला तर चाकावर जळलीय. दगडावर घासून तो पट्टा गेला की खाली चांगलं पोलाद लागेल. पट्टा नसेल तर ती बरेची करामत. वर लातूरच्या ताईंना लिहिलंय बघ, बर काढली नाही तर ती तारेसारखी कडेवर उभी राहते. पहिल्या दिवशी तीच कापते, वस्तऱ्यासारखी. मग आडवी पडते आणि धार गेली असं वाटतं. कपाच्या बुडावर पाच-सहा वेळा ओढून बघ, निम्म्या सुऱ्या तेवढ्यानं सुधारतात.

आणि तू कापतोस कशावर, ते लिहिलं नाहीस. रूमवर राहणारी पोरं स्टीलच्या ताटात कांदा कापतात, हे मला माझ्या पोरावरून ठाऊक आहे. ताटावर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापलं तर कुठलीही सुरी चार दिवसांत बसणार. चाळीस रुपयांची सुरी घेतलीस, तर आता शंभराची लाकडी फळी घे.

प्रश्न : घरच्या सुऱ्या-कात्र्या खंडेनवमीला पूजेत ठेवतो. त्याच दिवशी धार लावली तर चालते का?
— एक गृहिणी, हिंगोली

उत्तर : आमच्या टूलरूमला खंडेनवमीच्या दिवशी मशिनींना झेंडूचा हार असायचा आणि कुणी बटणाला हात लावत नसे. तुमच्या पूजेत सुऱ्या-कात्र्यांच्या शेजारी दगडही ठेवलेला असणार, मग धार लावणार कशावर? आदल्या दिवशी लावून घ्या. आणि दसऱ्याला पुरणपोळीच्या गडबडीत घरात दहा जणी सुरीला हात लावतात, त्यांना स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडून सांगा की धार लावलीय. आमच्या घरी अजून मी दिसलो की पहिला प्रश्न तोच असतो.